कर्नल विल्यम लॅम्ब्टन : नागपूरला न पोहोचलेला मोजणीदार

सदरच्या कॅथेड्रलमधील रविवारची मिस्सा आटोपून सिताबर्डीकडे येणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी विधान भवनाजवळचा झिरो माइलचा स्तंभ पाहिलेला असतो. वालुकाश्माचा तो खांब, शेजारचे चार घोडे आणि निरनिराळ्या शहरांची कोरलेली अंतरे आपल्या इतक्या परिचयाची झाली आहेत की, हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल हे आकडे प्रथम कोणी व कसे मिळवले असतील, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. या आकड्यांमागे मोजणीची एक मोठी परंपरा आहे. तिचा आरंभ ज्यांनी केला, ते कर्नल विल्यम लॅम्ब्टन आपल्याच विदर्भाच्या मातीत, हिंगणघाट येथे, चिरविश्रांती घेत आहेत. ते नागपूरला यावयास निघाले होते. परंतु येथवर पोहोचले नाहीत.

लॅम्ब्टन यांचा जन्म १७५० च्या दशकात उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची होती, पण गणितात त्यांची बुद्धी विलक्षण चाले. त्या बळावर शिक्षण घेऊन ते १७८१ साली सैन्यात अगदी खालच्या अधिकारपदावर दाखल झाले. पुढे त्यांना अमेरिकेत पाठविण्यात आले. तेथील युद्धात इंग्रजांचा पराभव झाला आणि कैद त्यांच्याही वाट्याला आली. सुटकेनंतरची सुमारे तेरा वर्षे त्यांनी कॅनडातील न्यू ब्रन्सविक येथे काढली. बराकींची देखरेख करावी, वसाहतींच्या जमिनी व सीमा मोजाव्यात आणि उरलेला वेळ गणिताच्या व ज्योतिषशास्त्राच्या ग्रंथांत घालवावा, असा त्यांचा क्रम होता. तेथेच एक सूर्यग्रहण पुरेशी काळजी न घेता पाहिल्यामुळे त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी कायमची अधू झाली. आयुष्यातील सर्वांत मोठे काम त्यांनी पुढे दुर्बिणीला डोळा लावूनच केले, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

१७९६ साली आपल्या पलटणीबरोबर ते कलकत्त्यास उतरले. या पलटणीचे प्रमुख आर्थर वेलस्ली होते. पुढे वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनचा पराभव करणारे ड्यूक ऑफ वेलिंग्टन ते हेच. १७९९ साली टिपू सुलतानाविरुद्ध श्रीरंगपट्टणवर स्वारी झाली, तेव्हा लॅम्ब्टन जनरल बेअर्ड यांच्या हाताखाली होते. एका रात्री काळोखात ही तुकडी आपल्या छावणीकडे परतत होती. लॅम्ब्टन यांनी आकाशाकडे पाहिले आणि तुकडी दक्षिणेऐवजी उत्तरेकडे, म्हणजे थेट शत्रूच्या तळाकडे चालली आहे, हे जनरलसाहेबांच्या ध्यानात आणून दिले. बेअर्ड यांनी आधी ते मानले नाही. अखेर उजेड करून होकायंत्र पाहिले, तेव्हा तारे खरे ठरले. मनुष्य कितीही वेगाने चालला, तरी दिशा चुकली असेल तर तो वेग त्याला मुक्कामापासून दूरच नेतो. शाळेच्या पुस्तकात नुसत्या वेगाला चाल आणि दिशेसह वेगाला सदिश राशी म्हणतात. त्या रात्री हा भेद शेकडो शिपायांच्या जिवाशी येऊन भिडला होता.

त्या काळी आपल्या देशात अंतर कसे सांगत, हे थोडे पाहिले पाहिजे. कोस हे माप सर्वत्र होते, पण ते प्रांतागणिक बदलत असे. खरे तर कोस हे चालणाऱ्याच्या पायांचे माप होते. अमुक गाव एका दिवसाच्या मजलेवर आहे असे सांगितले म्हणजे माणसाचे काम भागे. म्हणजेच वेग ठरीव मानून वेळेवरून अंतर काढण्याची ही रीत होती. पण तोच रस्ता चिखलात दुप्पट लांब होई आणि घाटात तिप्पट. इंग्रजांचे मोजणीदार चाकाचे यंत्र ढकलत नेत व त्याचे फेरे मोजून मैल मांडत. ते पावलांपेक्षा बरे होते, परंतु चाक रस्त्याच्या प्रत्येक वळणावर, चढावर व खाचखळग्यावर फिरते आणि तेवढे अंतर फुगते. दोन ठिकाणांमधील सरळ अंतर व चाललेले अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आज आठवीच्या मुलालाही पाठ असते. तेव्हाचे नकाशे मात्र पुष्कळसे चाललेल्या अंतरांवरच उभे होते.

श्रीरंगपट्टण पडल्यावर म्हैसूरचा मोठा मुलूख इंग्रजांच्या हाती आला. तेव्हा लॅम्ब्टन यांनी एक धाडसी योजना सरकारपुढे ठेवली. दक्षिण हिंदुस्थान एका समुद्रकिनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत त्रिकोणांच्या जाळ्याने मोजावयाचा आणि त्याच कामातून पृथ्वीचा खरा आकारही काढावयाचा, अशी ती योजना होती. वेलस्ली यांनी पाठिंबा दिला व मद्रास सरकारने मान्यता दिली. सरकारला नकाशा हवा होता. लॅम्ब्टन यांचे मन मात्र दुसऱ्या गोष्टीत, पृथ्वीच्या आकारात, अधिक गुंतले होते, असे त्यांच्या कामाकडे पाहून निश्चित म्हणता येते.

हा आकाराचा प्रश्न मुळात गतीचाच प्रश्न आहे. पृथ्वी आपल्या आसाभोवती फिरते. विषुववृत्तावरील मनुष्य त्या फेऱ्यात ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो. नागपूर २१ अंश उत्तरेस असल्याने आपला वेग थोडा कमी, म्हणजे ताशी सुमारे १५५० किलोमीटर भरतो. हवेत ध्वनी जेवढा धावतो, त्याहूनही हा वेग जास्त आहे. तरीही आपल्याला तो जाणवत नाही, कारण जमीन, घरे, झाडे आणि हवा सर्वच आपल्याबरोबर सारख्या गतीने चालली आहेत. संथ चाललेल्या आगगाडीत पेल्यातले पाणी हलत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे. या फिरण्याचा एक परिणाम मात्र टिकून राहिला. न्यूटन यांनी असा निष्कर्ष काढला होता की, फिरणारी पृथ्वी मध्यभागी फुगलेली व ध्रुवांपाशी चपटी असली पाहिजे. आज आपल्याला ठाऊक आहे की, पृथ्वीची विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवावरच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे. त्यामुळे उत्तर-दक्षिण एका अंशाचे अंतरही सर्वत्र सारखे नाही. विषुववृत्ताजवळ ते सुमारे ११०.६ किलोमीटर, तर ध्रुवाजवळ सुमारे १११.७ किलोमीटर असते. शंभरात एक एवढाच हा फरक! तो पकडावयाचा तर मोजणीतील चूक त्याहून कितीतरी लहान असावयास हवी. लॅम्ब्टन यांचा सारा हट्ट याकरिता होता.

मोजणीचा पाया घालण्यास त्यांनी जी जागा निवडली, तिचे नाव आपल्या ओळखीचे आहे. मद्रासजवळील सेंट थॉमस माउंट! प्रेषित संत थॉमस यांना जेथे हौतात्म्य प्राप्त झाले असे परंपरा मानते, त्याच टेकडीजवळ १० एप्रिल १८०२ रोजी लॅम्ब्टन यांनी मोजणीस आरंभ केला. ते स्वतः कॅथॉलिक नव्हते आणि त्यांनी जागा निवडली ती सपाट मैदान व शेजारची उंच टेकडी पाहून. तरीही ज्या प्रेषिताने डोळ्यांनी पाहिल्यावाचून व हाताने चाचपल्यावाचून विश्वास ठेवण्यास नकार दिला होता, त्याच्या टेकडीवरून देशाची सर्वांत काटेकोर मोजणी सुरू व्हावी, या योगायोगाकडे ख्रिस्ती वाचकाचे लक्ष गेल्याशिवाय राहत नाही.

तेथे सुमारे साडेसात मैलांची, म्हणजे १२ किलोमीटरहून थोडी अधिक लांबीची एक सरळ रेषा मोजावयाची होती. साधन होते शंभर फुटी पोलादी साखळी. लॅम्ब्टन यांना प्रथम मिळालेल्या साखळीची कथा मोठी गमतीची आहे. ती चीनच्या सम्राटास नजर करावयाच्या वस्तूंबरोबर पाठविली होती. तेथे तिचे काही काम पडले नाही आणि फिरत फिरत ती हिंदुस्थानात आली. पुढे दुसरी साखळी आणवून, एकीने मोजावयाचे व दुसरीशी ताडून पाहावयाचे, असा त्यांनी नेम ठेवला, कारण साखळी वापराने झिजते व लांबते. परंतु झिजेपेक्षा मोठा शत्रू होता मद्रासचा उन्हाळा. पोलाद तापले की प्रसरण पावते. शंभर फुटांची साखळी दहा अंश सेल्सियस जास्त तापली, तर सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब होते. हे ऐकून हसू येईल. पण ती साखळी चारशे वेळा टाकावयाची होती. चारशे वेळा साडेतीन मिलिमीटर म्हणजे जवळजवळ दीड मीटर. ही एक रेषा पुढे शेकडो मैलांच्या गणिताचा पाया होणार होती, म्हणून तीच चूक त्या प्रमाणात वाढत जाऊन मद्रास ते मंगळूर अंतरात साठ-पासष्ट मीटरांची झाली असती. म्हणून लॅम्ब्टन यांनी तिपाईंवर लाकडी पेट्या एका पातळीत मांडून त्यांत साखळी ठेवविली, प्रत्येक वेळी ती ठरावीक ताणाने ओढविली, उष्णतामापक पाहून तापमान टिपले आणि प्रत्येक वेळेची लांबी दुरुस्त करून घेतली. एप्रिल-मे महिन्यांतील त्या उन्हात हे काम चारशे वेळा झाले.

एवढी एक रेषा मोजली की पुढे साखळी ओढत नेण्याचे कारण उरत नसे. आपण वर्ध्याच्या बाजूला आगगाडीने जातो तेव्हा रुळालगतचे खांब झरझर मागे पळतात. दूरची टेकडी मात्र बराच वेळ आपल्याबरोबर चालत असल्यासारखी भासते. जवळची वस्तू आपण थोडे सरकताच निराळ्या दिशेला दिसते, दूरच्या वस्तूची दिशा मात्र हळूहळू बदलते. म्हणजे आपण किती सरकलो आणि दिशा किती बदलली हे ठाऊक असेल, तर त्या टेकडीपर्यंत न जाताही तिचे अंतर काढता येते. लॅम्ब्टन यांची त्रिकोणमिती हीच होती. मोजलेल्या रेषेच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या ठिकाणचे निशाण पाहावयाचे, कोन टिपावयाचे, त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने काढावयाच्या आणि त्यांतील एका बाजूवर पुढचा त्रिकोण उभा करावयाचा. मधूनमधून पुन्हा साखळीने एखादी रेषा मोजून सारे गणित तपासावयाचे.

कोन मोजण्यासाठी त्यांनी विलायतेहून एक प्रचंड थिओडोलाइट मागविले होते. अर्ध्या टनाचे हे यंत्र घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी वाटेत पकडले व मॉरिशसला नेले. पेटी उघडून पाहिल्यावर आत शास्त्रीय उपकरण आहे हे कळताच तेथील फ्रेंच अधिकाऱ्यांनी ते पुन्हा नीट बांधून मद्रासला रवाना केले. दोन राष्ट्रांत वैर असताना शत्रूच्या हातून असे घडावे, याचे आज अधिकच कौतुक वाटते.

मद्रासपासून बंगळूरवरून मंगळूरपर्यंत त्रिकोणांची ही माळ पोहोचली, तेव्हा असे आढळले की द्वीपकल्पाची रुंदी, जी नकाशांत सुमारे ४०० मैल धरली जात होती, ती प्रत्यक्षात सुमारे ३६० मैलच आहे. चाळीस मैल जमीन कागदावरून नाहीशी झाली! अंतर चुकले की वेगही चुकतो. एखाद्याने हा प्रवास शंभर तासांत केला असता, तर जुन्या नकाशाप्रमाणे त्याचा वेग ताशी चार मैल निघाला असता, आणि खरा वेग भरला असता ३.६ मैल. तरीदेखील या खर्चिक कामाचा उपयोग सर्वांस पटला नव्हता. मद्रासच्या वित्त समितीतील एका सदस्यांचे मत असे होते की, श्रीरंगपट्टणला जाऊ इच्छिणाऱ्याने पालखीच्या भोयांना तसे सांगितले म्हणजे पुरे, ते लॅम्ब्टन यांच्या नकाशावाचून त्याला बरोबर पोहोचवतील. भोयांच्या ज्ञानाविषयी हे बोलणे मुळीच खोटे नव्हते. पण पोहोचणे वेगळे व किती दूर आलो हे सांगणे वेगळे, हे त्या सदस्यांना उमगले नाही.

१८०८ साली तंजावर येथे मोठा आघात झाला. त्या सपाट मुलखात टेकड्या नसल्याने उंच मंदिराचा आधार घ्यावा लागला. थिओडोलाइट वर ओढून घेत असताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे मोठे वर्तुळ वाकले. ज्या वर्तुळावरील सूक्ष्म रेघांवर सारी मोजणी अवलंबून होती, तेच बिघडले. दुसऱ्या कोणी काम थांबवले असते किंवा नवे यंत्र येण्याची वर्षानुवर्षे वाट पाहिली असती. लॅम्ब्टन आपल्या तंबूत शिरले व सुमारे सहा आठवडे त्या यंत्रातच बुडून राहिले. वर्तुळाची मूळ आकृती त्यांनी फळीवर आखली आणि पाचरी, मळसूत्रे व कप्प्या लावून वाकलेला धातू हळूहळू, केसभर करत, पूर्वीच्या रेषेवर आणला. त्याच यंत्राने काम पुढे चालू राहिले.

या कामाचा भार एकट्या लॅम्ब्टन यांनी उचलला, असे समजणे मात्र न्यायाचे होणार नाही. त्यांच्याबरोबर मद्रासच्या सर्वेक्षण शाळेत शिकलेले, अँग्लो-इंडियन समाजातील तरुण साहाय्यक होते. जोशुआ डी पेनिंग हे त्यांतील प्रमुख. शिवाय निशाणे धरणारे, झाडे तोडणारे, यंत्र डोंगरावर चढवणारे खलाशी व मजूर होते. त्यांची नावे इतिहासाने जपलेली नाहीत. उन्हाळ्यातील धुरकट हवेत दूरची निशाणे दिसत नसत, म्हणून पावसाने हवा धुऊन निघाली की कामाला जोर येई, आणि नेमका तोच काळ रानातील हिवतापाचा असे. १८१९ साली गोदावरी-कृष्णेच्या परिसरातील जंगलात गेलेली जवळजवळ संपूर्ण तुकडी तापाने आडवी झाली आणि काहीजण परतलेच नाहीत. गावकऱ्यांनाही हे परके लोक उंचावरून दुर्बिणी रोखून काय पाहतात, याचा संशय येई. दुर्बिणीतून बायकामाणसे पाहिली जातात अशा तक्रारीही होत. तो संशय सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही, कारण नकाशा तयार झाला की त्यामागून सारावसुली आणि फौज येणे ठरलेले होते. लॅम्ब्टन यांची मोजणी निर्मळ होती. ती ज्यांच्या पदरी होती, त्या कंपनी सरकारचे हेतू तितके निर्मळ नव्हते.

१८१७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले, आणि ज्या फ्रेंचांनी कधीकाळी त्यांचे यंत्र पकडले होते, त्यांच्या विज्ञान अकादमीनेही सन्मान केला. १८१८ च्या आरंभी त्यांच्या कामास ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे असे नाव मिळून ते गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्ज एव्हरेस्ट हे तरुण अधिकारी साहाय्यक म्हणून हैदराबादेत त्यांच्याकडे रुजू झाले. लॅम्ब्टन मितभाषी, शांत व हाताखालच्या माणसांशी मायेने वागणारे होते. त्यांनी चर्चमध्ये विधिपूर्वक विवाह केल्याचे आढळत नाही, परंतु दोन स्त्रियांपासून त्यांना अपत्ये होती.

तोवर त्रिकोणांची माळ कन्याकुमारीपासून ७८ व्या रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत दख्खनच्या मध्यापर्यंत आली होती. नागपूरचे दार उघडले होते ते १८१७ च्या नोव्हेंबरात झालेल्या सिताबर्डीच्या लढाईने. भोसल्यांचे राज्य इंग्रजांच्या प्रभावाखाली आले व मोजणीची वाट मोकळी झाली. म्हणून लॅम्ब्टन यांनी आपले ठाणे हैदराबादहून नागपूरला हलविण्याचे ठरवले. वय सत्तरीच्या घरात होते, क्षयाने शरीर पोखरले होते, खोकला थांबत नव्हता. तरीही यंत्रे, कागदपत्रे, माणसे व जनावरे यांचा तो तांडा मजल दरमजल करीत निघाला. वणा नदीकाठच्या हिंगणघाटला तो पोहोचला आणि २० जानेवारी १८२३ रोजी तेथेच लॅम्ब्टन यांचा अंत झाला.

हिंगणघाट ते नागपूर अंतर सुमारे ७५ किलोमीटर आहे. आगगाडीला आज तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. बैलांच्या चालीने दिवसाला सोळा-सतरा किलोमीटरची मजल धरली, तर त्यांच्या तांड्याला आणखी चार-पाच मुक्काम पुरले असते. वीस वर्षांत त्यांनी व त्यांच्या माणसांनी १,६५,००० चौरस मैलांहून अधिक मुलूख त्रिकोणांनी बांधून काढला होता.

पुढे एव्हरेस्ट यांनी सूत्रे हाती घेतली आणि १८४१ साली ही उत्तर-दक्षिण मोजणी हिमालयाच्या पायथ्याशी देहरादूनजवळ पूर्ण झाली. तिच्याच आधारावर हिमशिखरांची उंची काढण्यात आली. राधानाथ सिकदार यांच्या गणनेतून १८५० च्या दशकात जगातील सर्वोच्च शिखराची उंची २९,००२ फूट निघाली, आणि त्या शिखराला एव्हरेस्ट यांचे नाव देण्यात आले. लॅम्ब्टन यांचे नाव कोणत्याही शिखराला मिळाले नाही.

आपल्या झिरो माइलच्या दगडावर १९०७ हे वर्ष आहे, म्हणजे तो लॅम्ब्टन यांच्या मृत्यूनंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी बसविलेला आहे. त्यांनी स्वतः तो उभारला अशी कोणाची समजूत असल्यास ती बरोबर नाही. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट ही त्यावरची उंची मात्र त्यांनीच सुरू केलेल्या सर्वेक्षण खात्याच्या माणसांनी काढलेली आहे. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत आकडा कोरण्याची ती सवय त्या खात्याला कोणी लावली, हे साखळीची हकिकत वाचल्यावर वेगळे सांगावयास नको. वर्धा जिल्ह्यात जाणे झाले तर हिंगणघाट येथे त्यांची कबर पाहता येते.